कानसेनने ऐकलेली घरघर

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मामाने आम्हाला बजावलं होतं. माझ्या मावसभावाने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. मी नुसती मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही शपथ नव्हे, असं मी गेले चार दिवस स्वतःला समजावतेय. शिवाय मी सांगत नाहीये, लिहितेय.

मामाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी तिथं त्याचा एक भागीदार होता, त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाण्याचा त्याला गंध नव्हता, पण मशीनमधला कुठला पंखा घासतोय, कुठली हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय, हे तो डोळे मिटून सांगायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो त्या भागाला टेकवायचा आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायचा. अगदी डॉक्टरसारखा. आणि प्रत्येक वेळी मशीनला विचारायचा, "बोला, कुठं दुखतंय?" गिऱ्हाइकं हसायची.

"मग कॉम्प्युटर सांगायचा?" मावसभावाने विचारलं.

"एकदा सांगितलं," मामा म्हणाला, आणि उठून गच्चीवरचा दिवा घालवून आला.

मार्चमधला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेआठ वाजले होते. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं, तेवढ्यात एका नर्सबाईंचा फोन आला. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर आठवडाभर विचित्र आवाज करत होता. मामा म्हणाला, सोमवारी या. बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत तो जगेल याची खात्री द्याल का? त्यांचे यजमान वर्षापूर्वी वारले होते. दुखणं बरं होणारं नाही हे कळल्यावर त्यांनी लहान मुलीसाठी गोष्टी वाचून कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवल्या होत्या. मुलगी रोज त्या ऐकत झोपायची. तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

मामाने कानसेनकडे पाहिलं. त्याने पिशवी उचललीही होती. कानसेन एकटाच गेला.

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. आतल्या खोलीत पलंग, पलंगाला खेटून टेबल आणि टेबलाखाली कॅबिनेट. मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. गोष्ट हळू आवाजात चालू होती. सावकाश वाचणारा पुरुषाचा आवाज, मध्येच दम खायला थांबणारा. बाईंची रात्रपाळी होती. त्या निघाल्या की शेजारच्या आजी सोबतीला झोपायला यायच्या. आजींना मात्र ढोल वाजवला तरी ऐकू येत नसे.

"आवाज रात्रीच करतो," बाई डबा भरता भरता स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दिवसा लावला तर अगदी गुणी बाळ. माझ्यावरच रुसलाय मेला."

"मशीन रुसत नाही हो ताई. धूळ साठली की कुरकुरतं."

"मग तसं त्यालाच सांगा. आणि हे बघा, बाकी सगळं गेलं तरी चालेल, पण ह्यांचा आवाज…"

"आधी तोच काढून घेतो."

आणि त्याने खरंच तसं केलं. गोष्ट बंद केली, दुकानातून आणलेल्या डिस्कवर सगळ्या गोष्टी उतरवल्या, आणि नीट उतरल्यात ना, हे पाहायला दोन-तीन थोड्या थोड्या ऐकल्या. मग बाईंना हाक मारून म्हणाला, "वाचला हो ताई. आता मशीन जळून खाक झालं तरी हे राहील." बाई दारात आल्या, मान हलवली, आणि पदर डोळ्यांना लावत परत आत गेल्या.

मग त्याने मशीन बंद करून बाजूचा पत्रा काढला. आत धुळीची गोधडीच होती. ब्रशने ती काढली, पत्रा ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी लख्ख पुसला आणि भिंतीला टेकवून ठेवला. मशीन पुन्हा चालू केलं.

तेव्हा तो आवाज आला.

घर्र… मग काही नाही. मग पुन्हा घर्र…

कानसेनने पेन्सिलीच्या मागच्या रबराने मोठा पंखा हलकेच अडवला. आवाज तसाच. पंखा सोडला. मागच्या पंख्याची वायर काढली. आवाज तसाच. मग हार्ड डिस्कची वायर काढली. तसाच. आता उरला पॉवर सप्लाय. तो बंद करायचा म्हणजे सगळंच बंद. त्याने भिंतीतला प्लगच उपटला. पंखे मंदावले. थांबले. कॅबिनेटमधला बारीक हिरवा दिवाही विझला.

घर्र…

"हाताने काम करणाऱ्याला भीती उशिरा वाटते," मामा म्हणाला. "आधी त्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं."

कानसेनलाही तसंच वाटलं. आपले कान दमले असतील. दिवसभर ग्राइंडरशेजारी बसल्यावर वाजतात तसे वाजत असतील. त्याने लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक कॅबिनेटच्या तळाला टेकवलं. मूठ कानामागे. डोळे मिटले. आणि सवयीने, अगदी सवयीने, विचारलं…

"बोला, कुठं दुखतंय?"

घरघर थांबली.

खोलीत काहीच नाही. स्वयंपाकघरात भांडंही वाजेना.

मग त्या लोखंडातून, हाडातून, एक श्वास आला. लांब. दमलेला. आणि त्यामागून…

"इथं… नाही."

मामा सांगत सांगत इथवर आला तेव्हा मावसभावाने माझी ओढणी मुठीत धरली होती. मी ती सोडवून घेतली नाही.

"कुणाचा आवाज होता?" मी विचारलं. मी सहसा विचारत नाही.

"तासभर ज्याच्या गोष्टी कानसेन उतरवून घेत होता, त्याचाच."

कानसेनच्या हातून स्क्रूड्रायव्हर पडला. कॅबिनेट गप्प होतं. पूर्ण गप्प. पण आता त्याच्या पाठीमागे…

घर्र.

पलंगावर.

तो वळला. मुलगी अजून भिंतीकडेच तोंड करून होती. त्याने बोटांनी तिचा खांदा वळवला. ओठ निळे पडले होते. गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती. एकदा. पुन्हा एकदा. मग…

मग तीही थांबली.

"ताई!"

बाई धावत आल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. एकदा पाहिलं, मुलीला जमिनीवर घेतलं, तोंडाला तोंड लावलं. दुसऱ्याच्या पोराची घरघर त्यांनी दारातूनच ओळखली असती, असं मामा म्हणतो. पण घरात एखादं कुरकुरणारं मशीन असलं, की सगळे आवाज त्याच्याच नावावर जातात. मुलगी रात्री झोपायची, गोष्टी रात्री लागायच्या, आणि आवाजही रात्रीच यायचा. आठवडाभर बाई कॉम्प्युटरला मेला म्हणत राहिल्या.

तिन्ही मजले त्या मुलीला छातीशी धरून उतरल्या. पुढे कानसेनची स्कूटर, मागे त्या दोघी. दवाखान्याच्या दारात मुलगी खोकली. आणखी थोडा उशीर झाला असता तर…

घराची किल्ली कानसेनकडेच राहिली होती. सकाळी तो मामाला घेऊन सामान आणायला गेला. एकट्याने जायला तयार नव्हता. सगळं जिथल्या तिथे होतं. स्क्रूड्रायव्हर फरशीवर, पत्रा भिंतीला टेकलेला, आतली बाजू भिंतीकडे. मामाने उचलायला म्हणून पत्रा फिरवला.

आतल्या बाजूवर कान उमटला होता.

पाळी, कड, आतली वळणं, सगळं अंगठ्याच्या ठशासारखं स्वच्छ. मोठ्या पुरुषाचा. इतका दाबून लावलेला की शेजारी गालाचाही डाग होता. कुणीतरी बराच वेळ ऐकत होतं. भिंतीच्या बाजूने.

कानसेनने पुन्हा कुठल्याही मशीनला काही विचारलं नाही. पुढे दुकानही सोडलं. बाईंना मामाने नवा पत्रा बसवून दिला, आणि जुना वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या माळ्यावर ठेवला. पुसायला त्याचा हात धजला नाही.

सांगायचं नाही, कारण ती मुलगी आता आमच्याच शाळेत आहे, माझ्या दोन वर्ग मागे. संध्याकाळी गणित शिकायला माझ्याकडे येते. चांगली धडधाकट आहे, आणि मला येत नाही इतकं बोलते. तिला यातलं काहीच माहीत नाही.

काल घरी कुणी नसताना मी स्टूल ठेवून माळ्यावर चढले. वर्तमानपत्र सोडलं. आतली बाजू कोरी होती. पुसल्यासारखी नाही, कधी काही नव्हतंच अशी कोरी. मला हसूच आलं. मामाने आम्हाला चांगलंच बनवलं, असं वाटलं. मग मी पत्रा उलटला आणि बाहेरच्या बाजूला…

ती आली वाटतं, गणिताला. खालून हाक मारतेय, "ताई, येऊ का वर?" नको, थांब, मीच येते खाली. बाहेरच्या बाजूला तोच कान होता, तोच गाल, आणि मी बोट लावून पाहिलं तर तो अजून ओला…