थांबला नाही तो ठोका

ही गोष्ट रचलेली नाही. ज्यांना पटत नसेल, त्यांनी आसगावच्या तलावाकाठी भर दुपारी एकट्याने बसून बघावं.

त्या दुपारी नंदिनी घरात एकटीच होती. नवरा देवानंद मासळी घेऊन पवनीला गेलेला. सासू सखाबाई शेजारी बारशाला. दीड वर्षांची प्रेरणा मागच्या अंगणात वाटी-चमचा घेऊन बसली होती.

अंगणामागे फाटक. फाटकामागे तलाव.

नंदिनी घरूनच एका उपग्रह कंपनीचं काम करायची. वर फिरणाऱ्या उपग्रहाची तब्येत एआय सांभाळायचं. बॅटरी, तापमान, सगळं. काही वेगळं दिसलं की इशारा द्यायचं. तो खरा की खोटा, हे मात्र नंदिनीने ठरवायचं.

सासूला हे पहिल्यांदा समजावलं, तेव्हा ती हसली होती.

"आमचंबी असंच होतं व माय. तुहा सासरा तलावात डोंगा वल्हवत त्याच्यावर काठी ठोकत जाये, मासे जाळ्याकडं हाकलाले. दोन ठोके... मंग थांबे... मंग एक. मी चुलीपाशी बसून आयको. ठोका चालू, तं माणूस बरा. बंद पडला का धावाचं."

"मग त्या दिवशी, आई?"

सासरे आसाराम याच तलावात बुडून गेले होते.

सखाबाईचं हसू विरलं.

"त्या दिवशी ठोका बंदच नाही पडला. मंग मी कायले धावीन? लोकायनं त्याले बाहेर काढलं, काठावर निजवलं... तरी पाण्यातून ठोका येऊनच राहिला होता."

त्या दुपारी एआयने इशारा दिला.

'नोंदी बदलत नाहीत.'

नंदिनीने पाहिलं. तापमान तेच. बॅटरी तीच. अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत तेच...

चालू उपग्रहाचे आकडे थोडे तरी हलतात. हे हलत नव्हते. उपग्रह गप्प झाला होता आणि जमिनीवरचं यंत्र त्याच्या जुन्याच नोंदी पुन्हा पुन्हा पाठवत होतं. बघणाऱ्याला वाटावं, सगळं ठीक आहे.

मागून वाटीचा आवाज येत होता. पोर खेळतेय, म्हणून नंदिनी निश्चिंत होती.

टण, टण... टण.

तिने 'खरा' या बटणावर बोट नेलं.

टण, टण... टण.

बोट तिथंच थांबलं.

दीड वर्षांचं लेकरू. इतकं सारखं वाजवेल?

टण, टण... टण.

ती धावली.

अंगणात वाटी उपडी पडली होती. चमचा लांब, तुळशीपाशी. फाटक उघडं.

प्रेरणा नव्हती.

आवाज मात्र येतच होता... रिकाम्या अंगणातून.

तलावात प्रेरणा छातीभर पाण्यात होती. रडत नव्हती. एक हात वर करून हळूहळू पुढे चालली होती... कुणाचं तरी बोट धरल्यासारखी.

नंदिनीने पाण्यात उडी घेऊन तिला ओढलं.

आवाज तेव्हाच थांबला.

संध्याकाळी सखाबाईने नातीला छातीशी घट्ट धरलं.

"आई, ठोका मामंजींचाच होता ना?" नंदिनीने विचारलं.

"चूप. त्याचं नाव नको घेऊ. आपला माणूस लेकराले पाण्यात नाही नेत."

"मग कोण होतं?"

सखाबाईने तलावाकडची खिडकी लावून घेतली. बस.

कंपनीला यंत्रातली चूक सापडली. दुरुस्तही झाली. अंगणात काय वाजत होतं, ते कुणालाच सापडलं नाही.

प्रेरणा बरी आहे. डॉक्टरांनी तपासलं. जेवते, हसते. वाटी-चमच्याला मात्र हात लावत नाही.

दुपारी ती झोपली की नंदिनी तिच्या छातीवर हात ठेवून बसते. पूर्वी झोपेत तिचा श्वास कधी भरभर चालायचा, कधी मध्येच हुंदका यायचा. कूस बदलायची, ओठ चोखायची.

आता नाही.

दोन श्वास... मग थांबते... मग एक.

रोज. अगदी तस्साच.

देवानंद म्हणतो, "काहून जीवाले घोर लावून घेतेस? काही नाही झालं तिले. खोटा इशारा हाय तुहा."

नंदिनी हात काढत नाही.

दोन श्वास...