पिवडीखालची नीळ

माझ्या लहानपणी कंधारात घरांना बाहेरून चारच रंग असत. पांढरा चुना, गेरू, पिवडी आणि नीळ. रंगाचे डबे कुणी आणत नसे. भट्टीचा चुना विझवायचा, आठ दिवस मुरू द्यायचा, मग त्यात रंगाची पूड आणि डिंकाचं पाणी घालायचं. माझी आई, नागुबाई, हे काम करायची. ओला चुना बघून तो वाळल्यावर कसा दिसेल हे ती सांगायची. हणमंतरावांच्या माडीला पिवडीचा पिवळा रंग तीच द्यायची, आणि तिच्या आधी तिची सासू. माडी १९२० च्या आसपासची. पहिल्या दिवसापासून पिवळीच.

गेल्या फाल्गुनात हणमंतरावांची नात शिवांगी लातूरला माझ्याकडे आली. तिला माडीचा मूळ रंग परत आणायचा होता. वरचे तेलरंगाचे थर खरवडून अगदी तळाचा एक टवका तिनं डबीत आणला होता. तिच्या आईला मी शाळेत शिकवलेलं, म्हणून तीही मला बाईच म्हणते.

"आजोबांना दोन वर्षांपासून काही आठवत न्हाई, बाई. तुमच्याशिवाय आता सांगणारं कोण हाय?"

टवका निळा होता. कुठून काढला, मी विचारलं. दाराच्या उजव्या हाताला, सज्जाखालून, ती म्हणाली. तिथं पावसाचं पाणी लागत नाही, म्हणून.

ती जागा मला माहीत होती.

१९५८ चा वैशाख. आम्ही बौद्ध होऊन दीड वर्ष झालं होतं. हणमंतरावांच्या घरी लग्न होतं, माडी रंगवायची होती. आई त्यांना म्हणाली, ज्या दाराची भिंत मी रंगवते त्या दारातून मला एकदा आत घ्या, मग कुंचा धरते. हणमंतराव तेव्हा बावीस वर्षांचे. त्यांनी तिला दाराच्या बाजूला भिंतीशी उभं केलं. आत बोलावीपर्यंत हलायचं नाही, म्हणाले. भिंत पश्चिमेची. दुपार कलली तशी ऊन सज्जाखाली शिरलं, आणि आई भिंतीवरून घसरत खाली आली, ती पुन्हा उठली नाही. मी बारा वर्षांची, समोरच्या लिंबाखाली होते.

तिच्या पाठीची ओल पिवडीखाली दबेना. म्हणून तेवढा गिलावा खरवडून नवा केला, त्यावर आधी निळीचा हात दिला आणि मग पिवडी. ते काम माझ्या वडिलांकडून करून घेतलं. गावात सांगितलं, ऊन लागलं.

हणमंतराव अजून आहेत. तिथं नीळ का दिली, हे एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं, एवढंच मला सदुसष्ट वर्षं हवं होतं.

"हाच रंग," मी शिवांगीला म्हटलं. "सगळ्या माडीला हाच होता."

तिला मी प्रमाणही लिहून दिलं.

वैशाखात तिचा फोन आला. माडी निळी झाली होती, लोक थांबून बघत होते. फक्त दाराच्या उजवीकडे एक जागा वाळत नव्हती. वैशाखात चुना दुपारपर्यंत वाळतो. हिला नऊ दिवस झाले होते. गवंड्यानं पाहिलं, नळ तिकडून जात नव्हता.

मी लातूरहून अहमदपूरमार्गे एसटीनं कंधारला गेले. सकाळचे अकरा वाजले होते. भिंत खडूसारखी कोरडी पडली होती. ओल तेवढी आईच्या उंचीची. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला. आई बादली डाव्या हातानं उचलायची. मी तळवा टेकला. ओलीला गारवा असतो. ही गरम होती.

"पहिल्या दिवशी दारापासून चार हात लांब होती," शिवांगी म्हणाली. "आज चौकटीला टेकली."

आत हणमंतराव बाजेवर होते. मी समोर बसले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, दाराकडे पाहत होते.

"तिला आत घेऊ नका," ते म्हणाले.

"कुणाला?"

नाव घ्या, मी म्हटलं. दोनदा म्हटलं. त्यांनी कूस बदलली.

बाहेर आल्यावर शिवांगीनं माझा हात धरला.

"बाई, खरं सांगा. रंग चुकला का? तुम्ही सांगाल तो देते. आजच खरवडते सगळं."

पोरीचं काही चुकलं नव्हतं. पिवडी, एवढा एकच शब्द सांगायचा होता.

"रंग बरोबर हाय," मी म्हटलं.

चार दिवसांनी पुन्हा फोन. आजोबा सकाळी आपले आपण उठले आणि दारात जाऊन उभे राहिले, कुणाला वाट द्यावी तसे अंग चोरून. बसवलं की पुन्हा उभे.

काही बोलतात का, मी विचारलं.

"हाव. 'आत या' म्हणतेत. सकाळपासून तेवढंच."

"नाव घेतात?"

"न्हाई."

"आणि ओल?"



"मागं सरकून राहिली, बाई. ते या म्हणतेत तशी ती मागं जाती. तिच्या मागं मागं आजोबा उंबऱ्याबाहेर गेले."

दुपारचे तीन वाजले होते. त्यांना आत घे, असं मी म्हणाले नाही. तीच म्हणाली, ओढून पाहिलं, हलत नाहीत.

मग तिचा आवाज बारीक झाला.

"एवढ्या उन्हात भिंतीशी उभे हायेत, बाई. अंगावर घामाचा एक थेंब न्हाई. आणि भिंत निथळून राहिली."