तीन नंबरची जागा

रतनटेकडीच्या दिवशी गुलाबनाना तोफेला तेल लावायला निघाले, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हातात तेलाचा डबा आणि चिंध्या, मागून सून मोहिनी, कानाला फोन लावून. भुसावळच्या चौकात नानांच्या तुकडीची जुनी तोफ मांडून ठेवली आहे. पोरं तिच्यावर चढून फोटो काढतात आणि नाना त्यांना शिव्या हासडतात. तोफखान्यातल्या माणसाला झेंडा नसतो हो, तोफ हेच त्याचं निशाण. एकाहत्तरच्या लढाईत याच दिवशी या तोफेनं रतनटेकडी राखली आणि त्या टेकडीचं नाव तुकडीला कायमचं बहाल झालं.

"लागतोय का गं?"

"नाही ना, नाना. परवापासून बंदच येतोय."

फोन प्रशीलचा. मोहिनीचा एकुलता एक, नानांचा नातू. आजोबांच्याच तुकडीत भरती झालेला, सध्या सीमेवर. मागच्या खेपेला किती खुशीत होता! 'नाना, मला तीन नंबर मिळाला. नेम धरायचं काम!' नानांनी शाबासकी दिली खरी, पण नंतर त्यांना घास गिळवेना. त्यांच्या वेळी तीन नंबर वना होता. दोंडाईच्याचा वना, अहिराणी सोडून दुसरं बोलेल तर शपथ. नानांना 'गुल्या' म्हणणारा तो एकटाच. रतनटेकडीवर नेम धरल्या जागीच तो पडला.

नानांनी नळी पुसली, चाकं पुसली. पलीकडे भज्यांची कढई चुरचुरत होती, रिक्षावाले गिऱ्हाइकावरून भांडत होते.

मग हजेरी. दरसाल या दिवशी तोफेपाशी नावानं हाक द्यायची आणि नंबरानं उत्तर. जुने सोबती म्हातारपणानं एकेक करून गेले, त्यांची उत्तरं आता नानाच देतात. फक्त लढाईत पडलेल्याचा नंबर कुणी उच्चारायचा नाही. त्याचं नाव घ्यायचं, श्वासभर थांबायचं आणि पुढे जायचं.

नाना ताठ उभे राहिले. एक झाला, दोन झाला. पण डोळे मोहिनीच्या फोनवर, जीव थाऱ्यावर कुठला? वनाच्या जागी तोंडातून निघून गेलं,

"प्रशील!"

नानांनी जीभ चावली. भलतंच काय बोललो मी! मेलेल्याच्या जागी जित्या पोराचं नाव...

कढईचा आवाज थांबला. निदान नानांना तरी तो ऐकू येईनासा झाला. भज्यांचा वास जाऊन नाकात जळक्या बारुदाचा वास भरला, पन्नासेक वर्षं विसरलेला. आणि नेम धरायच्या जागेवरून, अगदी खालच्या सुरात, कुणी म्हणालं,

"तीन..."

आवाज प्रशीलचा होता.

"मोहिनी... ऐकलंस?"

"काय, नाना?"

त्यांनी तिथल्या, नळी फिरवायच्या मुठीला हात लावला. लोखंड ओलसर लागलं, नुकताच कुणाचा तरी घामेजला तळहात उचलला गेल्यासारखं. "चुकलं रे... चुकलं माझं," ते पुटपुटले. "तिथं तूच उभा राहा. वना! वना!"

तेवढ्यात मोहिनीचा फोन वाजला.

"प्रशील! अरे, कुठे होतास? जीव टांगणीला लागला होता माझा!" ती रडताही होती, हसतही होती. "नाना, तुम्हालाच मागतोय. धरा."

नानांनी फोन कानाला लावला. आवाज नातवाचाच, त्यात तिळमात्र शंका नाही. पण रेल्वे कॉलनीत वाढलेल्या त्या पोराला अहिराणीचा एक शब्द येत नव्हता.

"आठे बठ्ठं बरं शे, गुल्या," तो म्हणाला. "कायजी करू नको."

इथं सगळं बरं आहे, एवढं सांगून फोन बंद झाला.

"बोलला ना? सुखरूप आहे ना माझा मुलगा?" मोहिनी डोळे पुसत विचारत होती.

नानांनी फोन तिच्या हाती दिला. ते तोफेकडे बघत होते. नेमाच्या जागेवरून पुन्हा तोच आवाज आला, लहानपणी अंधारात घाबरला की प्रशील हाक मारायचा तसा...

"नाना..."