गोऱ्यांच्या कब्रस्तानाचं खिंडार

कोल्हापुरातल्या त्या जुन्या इंग्रजी कब्रस्तानाच्या भिंतीचं काम अमरसिंहानं घेतलं, तेव्हा त्याला ते आठवड्याभराचं वाटलं होतं. काळ्या दगडाची भक्कम भिंत, कमानीत एकच लोखंडी फाटक आणि मागच्या अंगाला पडलेलं खिंडार. तेवढंच बुजवायचं.

पण गवंड्यानं दिवसा रचलेले दगड सकाळी बाहेरच्या बाजूला पडलेले असत. चोरीला एकही जात नसे. अमरसिंहाचा संशय बयाबाईवर गेला. तिची पत्र्याची खोली भिंतीबाहेर, खिंडाराला लागूनच होती. खिंडारातून आत शिरून ती म्हशीसाठी गवत कापून आणायची. भिंत झाली की ते बंद. त्यानं तिला दम दिला, खोली पाडायला लावीन म्हणाला. आपण एकही दगड पाडला नाही, एवढंच ती म्हणाली.

शेवटी एका संध्याकाळी तो फाटक उघडून आत गेला आणि खिंडाराजवळच्या थडग्याआड दबा धरून बसला. उजेड मावळत चालला होता. वारा पडलेला, तरी पाचोळ्यात काहीतरी सरकत होतं. मग उकरलेल्या मातीचा वास आला. आणि दगडावर दगड घासल्याचा आवाज... हळू, थांबून थांबून.

नव्यानं बसवलेला एक दगड हलत होता. सापडली बाई, असं मनाशी म्हणत तो पुढं झाला आणि त्यानं फटीतून पाहिलं. पलीकडं बयाबाईच होती. पण ती दगड ओढत नव्हती. दोन्ही तळव्यांनी, अंगाचा सगळा भार टाकून, तो आत रेटत होती.

"मावशी... ढकलतंय कोण?" त्यानं फटीतून विचारलं.

"तुमच्या अंगालाच हाय की," ती धापा टाकत म्हणाली. "मागं बघू नगासा. भाईर या."

तो पळत सुटला. फाटकातून बाहेर पडला, भिंतीला वळसा घालून तिच्याजवळ आला आणि त्यानंही दगडाला खांदा लावला. पलीकडून आता जोर नव्हताच. दगड मुकाट जागेवर बसला. अमरसिंहाला हायसं वाटलं. तिच्यावर आळ घेतला म्हणून त्यानं माफीही मागितली.

बयाबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. ती कमानीच्या बाजूला बघत होती.

"फाटक लावलंसा न्हवं, पावणं?"

त्याला आठवेना.

ती एकेक पाऊल मागं घेत खोलीत गेली. आतून कडी पडली. मग दाराच्या फटीतून तिचा दबका आवाज आला,

"तुमच्या संगट उभा हाय... त्यो कोन?"