बेंबळीच्या वाटेवरची खडी

लाईट गेली म्हणून बोंबलू नका रे. आमच्या जन्माच्या वक्ताला गावात लाईटच नव्हती, तरी आम्ही काही मेलो नाही. बसा इथंच ओट्यावर, आणि ती मोबाईलची बत्ती विझवा आधी. सांगतो ती ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो उत्तरेश्वर मुकादम आपल्या शेजारच्या मळ्यातला. त्याच्या तोंडूनच ऐकलीय, आणि सांगताना तो दर वेळी खाली मान घालून सांगायचा.

साल ऐंशी. वैशाख वद्य त्रयोदशी, सोमवारची रात्र. उत्तरेश्वर कंदील, घोंगडं आणि पाण्याचा तांब्या घेऊन घरातून निघाला. काम साधंच होतं. बेंबळीच्या वाटेवर ओढ्यावरच्या मोरीजवळ खडीचा ढीग लावला होता, त्याची राखण करायची. सकाळी उस्मानाबादहून ओव्हरसियर साहेब मोजायला येणार होते.

पाडव्यानंतर जे वादळ आलं, त्यात गारा पडल्या, ओढ्याला पूर आला आणि मोरी दोन्हीकडच्या रस्त्यासकट वाहून गेली. एसटी बंद पडली. सरकारनं दुरुस्तीचं काम गावच्या मजूर सोसायटीला दिलं. मजुरांच्या हाताला काम मिळावं म्हणून तशी सवलतच होती. सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब. त्यांनी जन्मात टोपलं उचललं नव्हतं, पण कागदावर तेही मजूर. उत्तरेश्वर त्यांचा मुकादम.

खडी फोडून झाली की रस्त्याच्या कडेला तिचा लांबट ढीग लावायचा. साहेब येऊन टेप लावणार, लांबी, रुंदी, उंची बघणार. आता टेपला काय कळतंय आत काय आहे ते? म्हणून लबाड लोक आधी एखादा उंचवटा हेरायचे आणि त्याच्यावरच ढीग लावायचे. वर खडी, पोटात माती. मजूर हसायचे, म्हणायचे, ढीग पोटुशी आहे.

इथं खडी कमी पडली, कारण दोन ट्रक माल आण्णासाहेबांच्या नव्या गोठ्याकडं वळला होता. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा ना. आणि वर ते उत्तरेश्वरला बोलले, "उद्या माप कमी भरलं तर काम बाहेरच्या ठेकेदाराला जाईल. मग पावसाळ्यापर्यंत आपल्या बायाबापड्यांनी काय खायचं? बघ बाबा, तुझं तू."

रान सगळं सपाट. मोरीच्या अलीकडं उंचवटा एकच होता, आणि तो कशाचा हे उत्तरेश्वरला चांगलं ठाऊक होतं.

बहात्तरच्या दुष्काळात हाच रस्ता दुष्काळी कामात चालू होता, आणि तेव्हाही मुकादम तोच. खडी फोडायला येणाऱ्या पुतळाबाईची तीन वर्षांची लेक जुलाब लागून कामावरच गेली. गाव लांब, अंगात त्राण नाही, दिवस मावळतीला आलेला. उत्तरेश्वरनंच जागा दाखवली. "हितं ठिव लेकराला," तो म्हणाला. "ह्या जागंला कुणी हात लावणार न्हाय. माझी जबान हाय." खड्डा बुजवून पुतळाबाई परत हातोडा घेऊन बसली, हजेरी बुडू नये म्हणून. पुढं येता-जाता ती तिथं एखादा दगड ठेवायची. वादळातला गाळ त्या दगडांना अडकला आणि हातभर जागेचा चांगला उंचवटा झाला.

तर त्याच उंचवट्यावर उत्तरेश्वरनं खडी टाकायला लावली. त्याच सोमवारी, दिवस मावळताना. आणि टोपली वाहणाऱ्या बायांत पुतळाबाई होती.

"मुकादम, ही जागा तर..." त्यांच्यातली मालनबाई म्हणाली.

"टाका, टाका. अंधार पडायला लागला," उत्तरेश्वर म्हणाला.

पुतळाबाई टोपलं घेऊन उभी राहिली. एकदा त्याच्याकडं बघितलं. त्यानं बिडी पेटवायचं निमित्त करून तोंड फिरवलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. पण काम जाईल ही धास्ती तिलाही होतीच की. बाकीच्या बाया टोपलं धाडकन उलथं करत होत्या. ती खाली वाकली आणि आपली खडी ओंजळीनं सोडत राहिली, आवाज होऊ न देता. गरिबाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

म्हणून त्या रात्री उत्तरेश्वरच्या घशाखाली भाकर उतरली नव्हती. ढिगाजवळ आला, कंदील बारीक केला, घोंगडं अंथरलं. ढीग त्याच्या कमरेएवढा, म्हणजे पडलेल्या माणसाला पलीकडचं काही दिसायचं नाही. वारा पडलेला. ओढा कोरडा. डोळा लागतोय तोच पलीकडून एक खडा घरंगळला.

कुत्रं असेल, म्हणून त्यानं कूस बदलली.

मग दुसरा खडा. पण हा घरंगळला नाही. कुणीतरी उचलला, आणि खाली ठेवला. टक्...

परत... टक्...

त्यानं ओळखलं. पुतळाबाई. लेकीवरची खडी काढायला आलीय. आणि काय सांगू, उठून बघायची त्याची हिंमत झाली नाही. भीती नव्हती अजून. लाज होती. चोर आला असता तर हा काठी घेऊन धावला असता, पण आपण ज्याचं चोरलं तो दारात आल्यावर माणूस काय करणार? झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला.

टक्... टक्...

बराच वेळ गेला. शेवटी त्याला राहवलं नाही. पडल्या-पडल्याच बोलला.

"पुतळाबाई... म्या इसरलो न्हवतो. मला ठावं व्हतं. समदं ठावं व्हतं... तरी बी घातली."

आवाज थांबला.

तो वाट बघत राहिला. ती आता बोलेल. काहीही बोलू दे.

पलीकडं... काही नाही. श्वाससुद्धा नाही.

मग पुन्हा... टक्.

तेव्हा तो उठला. वळसा घालून पलीकडं गेला नाही, तिला तोंड दाखवायची त्याची तयारी नव्हती. आपल्या बाजूनं गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी खडी ओढायला लागला. हा इकडून काढतोय, ती तिकडून काढतेय. बोटं सोलली. अंगातली बंडी भिजली. ढीग खाली आला... गुडघ्याएवढा झाला... आता पलीकडं दिसायला पाहिजे होतं. त्यानं मान वर केली नाही.

हाताला माती लागली. थंड. ओलसर.

वैशाखात... ओलसर.

त्यानं माती नीट करायला हात पुढं केला. आणि पलीकडून एक हात आला. त्याच्या हाताला लागला.

बाईचा नव्हता.

खडी फोडणाऱ्या बाईच्या हाताला घट्टे असतात रे. हा मऊ होता. बारका. त्या हातानं चाचपलं... आणि उत्तरेश्वरचं एक बोट धरलं. एकच. त्या मुठीत तेवढंच मावत होतं.

कंदील विझला.

तो ओरडला नाही. ओरडायला तोंड उघडलं होतं. पण चालायला शिकणारं पोर कसं बोट धरतं... तसं धरलेलं. आता झटकून टाकायचं कसं? एकदा टाकलंच होतं की. तो तसाच बसून राहिला. कितीतरी वेळ. पुढं चंद्राची कोर वर आली... आणि मूठ सुटली. समोर कुणी नव्हतं.

उजाडलं तशा गावाकडून बाया आल्या. पुतळाबाई त्यांच्यातच. तिच्या डोक्यावर टोपलं, कपाळावर घाम, नुकतीच चालून आलेली. मालनबाईनं आपणहून सांगितलं, "रातभर आमी दोघी माझ्या अंगणात निजलो व्हतो. तिला झोपच न्हाय. मी बी जागीच."

उंचवटा उघडा पडलेला. खडी दोन बाजूंना. इकडं उत्तरेश्वरनं काढलेली, तिकडं... तिकडंही होती.

तेवढ्यात जीप आली. आण्णासाहेबांचं तोंड काळंठिक्कर पडलं. साहेबांनी विचारायच्या आत उत्तरेश्वर हात जोडून पुढं झाला.

"सायब, माल कमी हाय. खाली पुतळाबाईच्या लेकीची माती हाय, तिच्यावर म्या खडी घातली व्हती, माप भरावं म्हणून. तिला जबान दिली व्हती, ती मोडली. मोजा, आन् काय ल्ह्यायचं ते ल्ह्या."

बायांसमोर, आण्णासाहेबांसमोर बोलला. बोलताना त्याला रडू आवरेना. पुतळाबाईनं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं.

साहेब माणूस सरळ होता. तो म्हणाला, "आधी मोजू तर द्या. ही सगळी खडी पलीकडं सपाट जागेवर लावा, नव्यानं." बाया लागल्या कामाला. पुतळाबाई लागली नाही. ती उंचवट्याजवळ बसून होती, आणि तिला ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ढीग लागला. साहेबांनी टेप लावली. परत लावली.

"मुकादम, माप तर पुरं भरतंय. कशाला स्वतःवर आळ घेता?"

आण्णासाहेब मोठ्यानं हसले. हसणारे ते एकटेच होते. उत्तरेश्वरनं स्वतः ढीग पावलांनी मोजला. खडी किती कमी होती हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं स्वतः दोन ट्रक भरून दिले होते. ज्या लेकराच्या अंगावर त्यानं ओझं घातलं, त्याच्या हातून आपली लाज राखली जावी, यासारखी शरमेची गोष्ट दुसरी नाही, असं तो म्हणायचा. माप भरलं तरी त्यानं त्याच दिवशी मुकादमकी सोडली. पुढं खडी फोडायलाच गेला, बायांच्या ओळीत बसून.

आता साहेबांना दिसलं ते सांगतो आणि उठतो. ढिगाच्या वरच्या थराला त्यांनी हात घातला, मूठभर खडी घेतली आणि कपाळाला आठी घातली.

"ही कुणी फोडली? इतकी बारीक?"

टोपली वाहायच्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आता सगळ्या बाया पुढं झाल्या. रस्त्याची खडी लिंबाएवढी असते. ही सुपारीएवढी होती. एकेक खडा ताजा फोडलेला, कडा पांढऱ्याशुभ्र, दोन ट्रक भरतील इतकी. खाणीत त्या रात्री कुणी नव्हतं. आणि एवढी बारीक खडी फोडायची म्हणजे हातोडाही तसाच पाहिजे, खेळण्यातल्यासारखा. तसला हातोडा आपल्या गावात कुणाकडंच नव्हता.