जिलबीचं पथ्य

गंगापूर रोडवरच्या त्या किराणा दुकानात खड्या मिठाचं एकच पोतं उरलं होतं आणि त्याला एकदम दोन हात लागले. एक आरोहीचा. दुसरा एका उंच, सावळ्या तरुणाचा. त्याच्या शर्टाच्या खांद्यावर गवताची काडी अडकली होती. हात कुणीच मागे घेतला नाही.

"एवढं मीठ? लोणचं घालताय का?" त्यानं विचारलं.

"नाही. माशासाठी हवंय."

"खारवायचाय?"

"जिवंत आहे तो," आरोही म्हणाली. "आजारी आहे."

दुकानदार मोतीरामशेठ तोंडावर हात धरून हसले. तो तरुण मात्र हसला नाही. हे तिला आवडलं. आवडलं हे कबूल करायला ती तयार नव्हती, कारण पोतं अजून त्याच्या हातात होतं.

"मी डॉक्टर आहे," तो म्हणाला. "गुरांचा. गोरक्ष नाव माझं. घोटीला घरच्या गायींना चाटायला मीठ न्यायचं होतं."

"डॉक्टर आहात? मग मासा बघाल?"

"मासा मी आजवर फक्त ताटात बघितलाय."

आरोही गल्ल्याकडे वळली. शेठकडून अर्धं मीठ वेगळं बांधून घेतलं, पैसे दिले आणि बाहेर आली. स्कूटरवर पिशवी ठेवताना तिचे डोळे भरून आले. ते पुसायला हात मोकळा नव्हता, आणि नेमका त्याच वेळी तो मागून आला.

"मॅडम, मघाशी बोलायला नको होतं मी तसं. पत्ता सांगता का? माझा एक मित्र मत्स्यविज्ञान शिकलाय. त्याला विचारत विचारत बघतो."

तिनं पत्ता सांगितला. का सांगितला, ते तिलाही नीट कळलं नाही.

त्या माशाचं नाव जिलबी. केशरी-पांढरा जपानी कोई, हातभर लांब, आणि भूक लागली की तळ्यात गोल गोल फिरायची खोड. आरोहीच्या वडिलांनी, अप्पांनी, निवृत्त झाल्यावर मागच्या अंगणात स्वतः खणून ते तळं बांधलं होतं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते काठावर बसत आणि जिलबीला पेपरातल्या बातम्या वाचून दाखवत. आई म्हणायची, एवढं माझ्याशी बोलले असते तर... सध्या दोघं बेंगळुरूला होते, मोठ्या मुलीच्या बाळंतपणासाठी. जाताना अप्पांनी घराच्या किल्ल्या आईच्या हातून द्यायला लावल्या, पण माशाच्या खाऊचा डबा स्वतः आरोहीच्या हातात ठेवला. अनंत चतुर्दशीच्या आत ते परत येणार होते, आणि जिलबी तळ्याच्या कोपऱ्यात एका कुशीवर कलून पडली होती.

दुपारी गोरक्ष आला. फाटकाशी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तळ्याच्या काठावर उकिडवा बसला. बराच वेळ नुसता बघत राहिला. पाऊस भुरभुरत होता. त्याच्या केसांवर बारीक थेंब साचत होते आणि आरोही मासा बघायचा सोडून ते थेंब बघत होती.

"कल्ले भराभर हलतायत. परावर पांढरं कापसासारखं आलंय," तो म्हणाला. "काय खाल्लं तिनं?"

"रोजचंच. दाण्यांचा खाऊ."

"दुसरं काही?"

"काही नाही."

त्यानं पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून मूठभर गाळ वर काढला. मऊ, राखाडी माती. तिच्यात लाल दोऱ्यानं बांधलेली दूर्वांची जुडी. त्यानं गाळ हुंगला आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"आंबट वास येतोय. दह्याचा."

आरोहीचे कान तापले. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आमचा दीड दिवसाचा गणपती... यंदा मीच बसवला," ती म्हणाली. "शाडूचा होता. नदीवर कशाला न्यायचा, घरचं तळं आहे, म्हटलं. मग गल्लीत कळलं. त्यांचेही शाडूचेच होते..."

"किती?"

"आमचा धरून पाच."

"आणि शिदोरी?"

बाप्पाला निरोप देताना वाटेसाठी दहीपोहे द्यायचे, ही घरोघरची रीत. आरोहीनं ती पाचही गणपतींच्या बाबतीत मनोभावे पाळली होती. शेजारच्या कुसाबाईंनी तर अख्खा डबाच तळ्यात उपडा केला होता, वर चार मोदक. आरती झाली, टाळ्या झाल्या, आणि सगळे घरी गेल्यावर जिलबी रात्रभर जेवत बसली.

"दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ दिसलं, म्हणून वरचं सगळं उपसून नळाचं भरलं," आरोहीनं उरलेलंही सांगून टाकलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

आता हा रागावेल, अशी तिची खात्री होती. अडाणी म्हणेल, निदान कपाळाला हात तरी लावेल. पण गोरक्ष खाली बघून हसायला लागला, अगदी हळू.

"आमच्याकडं पोळ्याला बैलांना पुरणपोळ्या चारतात. लय प्रेमानं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन, डॉक्टर, बैल फुगलाय. आणि विचारलं की सगळे हेच सांगतात... रोजचंच खाल्लं."

"म्हणजे मी बैलवाल्यांसारखीच?"

"नाय. ते एवढ्या लवकर कबूल होत नाहीत."

त्यानं मित्राला फोन लावला. शाडूची माती कल्ल्यात बसलेली, अन्न कुजून पाणी नासलेलं आणि त्यावर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. मीठ बरोबर होतं, पण ते वेगळ्या टाकीत, मापानं, आणि पाणी दिवसभर उघड्यावर ठेवलेलं हवं. शिवाय तळं साफ होऊन जिलबी सरळ पोहेपर्यंत कडक उपास.

मग रोजचा दिवस एका ठरावीक चालीनं जाऊ लागला. आरोही सकाळी लॅपटॉपवर ऑफिसचं काम उरके. गोरक्ष दुसऱ्या एका मित्राच्या दवाखान्यातली कुत्री-मांजरं बघून दुपारी येई. दोघं मिळून तळ्यातला गाळ घमेल्यानं उपसत. बाप्पांची माती म्हणून आरोही ती वाया जाऊ देईना. जास्वंदीच्या आळ्यात, तुळशीत, कुंड्यांत घाली. निळ्या टाकीत हवेच्या पंपाचे बुडबुडे येत राहत आणि त्यांच्यामधून जिलबी दोघांकडे बघे. चहा ठरलेला असे. दुसऱ्या कपाला नाही म्हणायचं गोरक्षनं दोनच दिवसांत सोडून दिलं.

"तुमच्या गालाला माती लागलीय," एकदा तो म्हणाला.

"कुठे?"

त्यानं बोट वर केलं, मग आपलंच बोट मातीनं भरलेलं बघून मागे घेतलं. "राहू द्या. बरी दिसतेय."

त्या दिवशी आरोहीनं संध्याकाळपर्यंत तोंड धुतलं नाही.

अप्पांचा व्हिडिओ कॉल रोज येई. ती रोज सांगे, जिलबी कमळाच्या पानाखाली गेलीय, झोपलीय, अंधारात दिसत नाही. एका संध्याकाळी फोन वाजला तेव्हा गोरक्ष समोरच टाकीत हात घालून बसला होता. त्यानं फक्त तिच्याकडे बघितलं.  आरोहीनं फोन उचलला, कॅमेरा टाकीकडे वळवला आणि पाचही गणपती, दहीपोहे, नळाचं पाणी, सगळं सांगितलं. शेवटी तिला रडू आलं.

"अप्पा, माझ्यामुळे झालं. ती वाचेल की नाही, मला माहीत नाही."

अप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन टाकी नीट बघितली.

"मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस," ते म्हणाले. "रडू नकोस. मागे कोण आहेत ते?"

"डॉक्टर आहेत. गुरांचे."

"डॉक्टर, जेवूनच जा हं," अप्पा म्हणाले. आरोही नाक पुसत हसली.

तो जेवायला थांबला. पिठलं-भाकरी होती. ठेचा दुसऱ्यांदा मागून घेत त्यानं सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "सरकारी नोकरीची ऑर्डर आली. सुरगाण्याला रुजू व्हायचंय, सोमवारी."

"सुरगाणा... लांब आहे," आरोही म्हणाली. भाकरीचा घास तिच्या हातातच राहिला.

"लांब आहे."



रविवारी सकाळी जिलबी सरळ झाली. तळ्यात उघड्यावर मुरवलेलं पाणी भरून तयार होतं. दोघांनी ओल्या चादरीच्या झोळीत घालून तिला अलगद सोडलं. ती तळाशी गेली, थांबली... आणि मग वर येऊन गोल गोल फिरू लागली. आरोहीनं दाण्यांचा खाऊ तळहातावर धरला. जिलबीनं तो एकेक करत उचलला. तिच्या ओठांच्या गुदगुल्यांनी आरोही हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. अप्पा संध्याकाळी येणार होते आणि जिलबी जिवंत होती. तिला एवढंच हवं होतं. निदान आठवड्यापूर्वी तरी एवढंच हवं होतं.

गोरक्षनं हात धुतले, पँट खाली केली. "चला. माझं काम संपलं."

"हो," ती म्हणाली. "संपलं."

तो फाटकापर्यंत गेला. चपला पायात घालायला त्याला फार वेळ लागत होता.

"थांबा," आरोही म्हणाली आणि घरात पळाली. परत आली तेव्हा हातात वाटी होती. तिनं त्याचा उजवा हात ओढला, उलगडला आणि तळव्यावर चमचाभर दही ठेवलं. 

"हे काय?"

"बाप्पाच्या हातावर जाताना दही का ठेवतात?"

 उत्तर त्याला माहीत होतं, घोटीतही ठेवतात.

"परत यावं म्हणून," तो हळूच म्हणाला.

"मला तुम्ही परत यायला हवे आहात," आरोही म्हणाली. "जिलबीसाठी नाही."

गोरक्षनं तळहातावरचं दही खाल्लं, अगदी सावकाश, आणि रिकामा हात तिच्यापुढे तसाच उघडा धरला. तिनं त्यात आपला हात ठेवला.

"बाप्पा वर्षानं येतो," तो म्हणाला. "मला एवढं जमायचं नाय. शनिवारी येतो."