दारातला भाऊ

विमलनं वाटीतल्या हळदीत बोट बुडवलं, आणि ते बोट लेकाच्या कपाळाला टेकायच्या आत लेकानंच तिचं मनगट धरलं... भर मांडवात, साऱ्या पाहुण्यांच्या देखत! या घरात नवरदेवाला पहिलं बोट आईचं, मग आत्याचं, मग गावातल्या सवाष्णींचं, हा शिरस्ता सगळ्यांना ठाऊक. पण अंबरीश पाटावर बसल्या बसल्या मान वर करून म्हणाला, "थांब आई. आधी एक बोल. सिनेमातलं माझं काम कापलंस ती तुझी चूक झाली, असं ह्या सगळ्यांसमोर बोल. मंग लाव हळद."

हलगी थांबली. बायकांची गाणी अर्ध्यावर तुटली. विमलची थोरली नणंद नीलाबाई पाटाशेजारीच उभी होती. तिनं हलक्या आवाजात, पण मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचेल असं म्हटलं, "बोल की विमल. उद्या लगीन हाय लेकराचं. एका शब्दानं तोंड झिजत न्हाई."

विमलनं आपल्या पिवळ्या बोटाकडं पाहिलं. ज्या कपाळाचे तिनं तान्हेपणी हजार पापे घेतले, ते कपाळ वीतभर अंतरावर होतं, आणि तिथवर पोचायला एक खोटा शब्द पुरेसा होता. घरोघरीच्या आया रोज बोलतात तसला शब्द... काय बिघडणार होतं?

"पाया पड म्हण, आत्ता पडते," ती म्हणाली. "आई म्हणून काय पण सांग. पण ती चूक नव्हती. ते म्या बोलणार न्हाई."

मांडवात कुजबुज उठली. कुणीतरी 'दगड हाय, दगड' असं म्हटल्याचं विमलला स्पष्ट ऐकू आलं. ऐकू येऊ दे! गेली चार वर्षं ती याहून वाईट ऐकत आली होती.

चार वर्षांपूर्वी विमलनं सिनेमा काढला, तेव्हा ती पन्नाशीच्या पुढं होती. नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवणारी बाई, सासर मुखेडचं, घरची शेती नवरा वैजनाथ बघणार. सुट्टीत ती पोरांची नाटकं बसवायची. सिनेमा मुंबईत होतो आणि आपण तो नुसता बघायचा असतो, हे तिला कधी पटलंच नाही. आमच्या पोरांनी का नाही करायचा, आमच्या बोलीत का नाही बोलायचा, असं ती ज्याला त्याला विचारायची, आणि एक दिवस विचारायचं सोडून कामाला लागली. लोकांना वाटतं निर्माती म्हणजे थैलीचं तोंड सोडणारी. विमल म्हणायची, निर्माती म्हणजे लग्नघरातली थोरली बाई. आचाऱ्यापासून रुसलेल्या जावयापर्यंत सगळं तिच्या माथी, आणि फोटो निघतात तेव्हा ती कुठंतरी आत चहाला आधण ठेवत असते.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एका बहिणीची आणि तिच्या भावाची. बहिणीच्या कामाला विमलनं इस्लापूरची वर्षाराणी हुडकून आणली. धबधबा बघायला आलेल्यांना भाजलेली कणसं विकणारी पोर, गिऱ्हाइकाशी बोलायला लागली की ऐकणारा कणीस खायचं विसरायचा. विमलनं तिला शिकवलं असं फारसं काही नाही. तिच्या बोलण्यावरून कुणी पुणेरी इस्त्री फिरवू नये, एवढा पहारा मात्र डोळ्यांत तेल घालून केला. आणि भावाचं काम अंबरीशचं! लहानपणापासून आरशासमोर उभा राहून पुटपुटणारा तिचा एकुलता एक लेक... ते काम त्याला देताना विमलचा ऊर अभिमानानं भरून आला होता.

मग संकलनाच्या खोलीत संकलक हरिओमनं तिला दोघांची दृश्यं दाखवली. ती बघून झाल्यावर विमलनं ती पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.

घरात मुखेडचं बोलणारं पोरगं कॅमेरा सुरू झाला की टीव्हीवरच्या मालिकेतलं कुणीतरी होऊन बसत होतं. शब्द घोकलेले, भुवया वर, रडणंसुद्धा बेतलेलं. समोरची पोर जितकी खरी, तितकं याचं खोटेपण उघडं पडत होतं. हरिओमनं चाचरत उपाय सुचवला, की पोरीची चांगली दृश्यं थोडी छाटली तर अंबरीश निभावून जाईल. दिग्दर्शकानंही मान डोलावली. घरच्या पोरासाठी परक्या पोरीवर कात्री चालवायची, यात जगाला नवल ते काय वाटणार होतं? इस्लापूरच्या पोरीला तर आपलं काय गेलं हे कळलंही नसतं.

"न्हाई," विमल म्हणाली होती. "माझं पोरगं काढा."

त्या संध्याकाळी ती घरी न जाता गोदावरीच्या घाटावर जाऊन बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मग सिनेमा नव्यानं जोडला गेला. त्यात भाऊ दिसलाच नाही. बहीण दाराकडं बघत राहते, ताट वाढून ठेवते, भाऊ येतो येतो म्हणतो आणि येत नाही. त्या रिकाम्या दारानंच लोकांना रडवलं. सिनेमा गावोगाव गेला, वर्षाराणीचं नाव झालं... आणि अंबरीश घर सोडून लातूरला गेला. तिथं तो शिकवणीच्या वर्गात भौतिकशास्त्र शिकवू लागला. सणावाराला यायचा तो बापाला भेटायला मुखेडला यायचा, आईला नव्हे.

का कापलं, ते विमलनं कुणाला सांगितलं नाही. लांबी वाढत होती, माझी मर्जी, म्हणून कापलं, एवढंच ती म्हणायची. माझ्या पोराला जमलं नाही, असं एकदा जरी ती बोलली असती, तर आठवडी बाजाराच्या आत ते अख्ख्या मुखेडात झालं असतं आणि पोराला जन्मभर चिकटलं असतं. त्यापेक्षा लोकांनी तिला नावं ठेवावीत! पोटचं पोर लोटलं आणि परक्या पोरीला मांडीवर घेतलं, असं नीलाबाई चार ठिकाणी सांगत फिरली, तरी विमलनं तोंड उघडलं नाही. एकट्या वैजनाथला तिनं खरं सांगितलं होतं, आणि त्याला कुणाला सांगू नका अशी शपथ घातली होती.

...अंबरीशनं तिचं मनगट सोडलं.

"बरं. मंग लोकायलाच ठरवू दे," तो म्हणाला.

मांडवाच्या टोकाला पांढरा पडदा बांधलेला होता. नवरानवरीनं लग्नाआधी काढून घेतलेली चित्रफीत हळदीच्या वेळी दाखवायची, म्हणून फोटोवाल्यानं प्रोजेक्टर लावून ठेवला होता. अंबरीशनं खिशातून पेनड्राइव्ह काढला. हरिओमकडनं आणलाय, माझी सगळी दृश्यं यात हायेत, असं त्यानं सांगितलं. त्यानं स्वतः ती अजून पाहिली नव्हती. एकट्यानं बघायची हिंमत इतकी वर्षं झाली नव्हती, ती आज गर्दीच्या जोरावर आली होती.

"अंबरीश, ते लावू नको," विमल म्हणाली.

"भ्यालीस?"

"हाव. भ्याले."

लोकांना वाटलं, आता हिचं बिंग फुटणार म्हणून भ्याली! फोटोवाल्यानं दिवे मालवले. पडद्यावर दार उघडलं आणि अंबरीश आत आला. त्याच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या, नीलाबाईनं कौतुकानं कानशिलावर बोटं मोडली. तो बोलू लागला. पहिलं वाक्य शिट्ट्यांत गेलं. दुसरं सगळ्यांनी ऐकलं. तिसऱ्याला मांडवात कुणी हललं नाही, चौथ्याला कुणीतरी घसा खाकरला, आणि पुढं बसलेली एक चिमुरडी आपल्या आईला मोठ्यानं विचारू लागली की हा दादा असा का बोलून राहिला. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी.

विमल उठली. माणसांच्या पायांतून वाट काढत ती थेट पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. उजेडाचा झोत तिच्या अंगावर पडला, आणि लेकाचा तो बेतलेला, रडवेला चेहरा तिच्या हिरव्या लुगड्यावर, तिच्या पोटावर उमटला. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला.

"बंद करा ते," ती म्हणाली. तिची मान ताठ होती. "हे माझं हाय. म्या कापलंय, म्या फेकलंय. माझी लहर फिरली म्हणून कापलं. दगड म्हणायचं तर मला म्हणा, पण ह्याला हसायचं न्हाई!"

पाटावर बसलेला अंबरीश तिच्याकडं बघत राहिला. पडद्यावरचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानांवर पडतच होता. दोन-दोनशे पोरांसमोर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला खरं बोलणं आणि बोलायचं म्हणून बोलणं यांतला फरक कळायला कितीसा वेळ लागणार? त्याचा चेहरा उतरला. मुंडावळ्या कपाळावरून मागं सारत तो उठला आणि आईपाशी आला.

"सरक आई. बघू दे मला."

"नको बाळा..."

"बघू दे."

विमल बाजूला झाली. तो उभ्या उभ्या सगळं बघत राहिला, डोळे न फिरवता, शेवटपर्यंत. आता कुणी हसत नव्हतं. शेवटच्या दृश्यात कॅमेरा त्याच्या पाठीमागं होता. त्याचा खांदा, दाराची चौकट, आणि चौकटीपलीकडून दाराकडं बघणारी वर्षाराणी. रिकाम्या दाराकडं बघणारे हेच डोळे त्यानं लातूरच्या भिंतींवर पोस्टरमध्ये पाहिले होते, आणि दर वेळी मान वळवून पुढं गेला होता.

"ही... ही कुणाकडं बघून राहिलीय?" त्यानं विचारलं.

खांबाआड, आपल्याला इथं कुणी बोलावलेलं नाही अशा संकोचानं वर्षाराणी सवाष्णींचं ताट धरून उभी होती. विमलनंच तिला येण्याची गळ घातली होती. तिचे डोळे वाहत होते.

"तुझ्याकडं, दादा," ती म्हणाली. "दारात तूच हुतास की."

अंबरीश तिथंच पडद्यासमोर खाली बसला. तो आईला म्हणाला, "इतक्या शिव्या खाल्ल्यास. एकदा सांगायचं हुतं, की पोराला जमलं न्हाई म्हणून."

"तसं सांगून निर्माती सुटली असती रे," विमल म्हणाली. "आई न्हाई सुटली असती."

मग त्याच्याशेजारी बसून, तिनं आजवर न सांगितलेलं सांगितलं. एकदा ती लातूरला गेली होती, त्याच्या शिकवणीच्या खिडकीखाली चोरासारखी उभी राहिली होती. आत तो पोरांना चेष्टा करत, रागवत, आपल्या मुखेडच्या बोलीत काहीतरी समजावत होता आणि पोरं जीव कानात आणून ऐकत होती. तिला कॅमेऱ्यासमोर तोच आवाज हवा होता. त्या दिवशी ती बसमध्ये सबंध वाटभर रडली होती, आणि ते सगळंच दुःख नव्हतं.

अंबरीशनं डोळे पुसले. "पुन्हा सिनेमा काढलास," तो अडखळत म्हणाला, "अन् मला घेतलंस, अन् पुन्हा न्हाई जमलं, तर?"

नीलाबाईनं कपाळावर हात मारून घेतला, की आता तरी ह्या बाईनं गोड बोलावं. वैजनाथ मात्र मिशीत हसला, त्याला उत्तर ठाऊक होतं.

"पुन्हा कापीन," विमल म्हणाली.

अंबरीश हसला. रडता रडता, खांदे हलवत, अगदी लहानपणी हसायचा तसा हसला. मग उठून पाटावर जाऊन बसला आणि खांबाकडं बघत त्यानं हाक मारली, "करवले, तिथं काय करून राहिलीस? ताट जवळ आण."

विमलच्या बोटावरची हळद केव्हाच वाळून गेली होती. तिनं पुन्हा वाटीत बोट बुडवलं.